हेगमधील उमेदवारी

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्याय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत आरोपीच्या पिंजऱ्यात राष्ट्र उभे नसते, माणूस उभा असतो. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण या चार अपराधांबद्दल सेनापती, मंत्री, बंडखोर टोळीचा म्होरक्या किंवा प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष यांना व्यक्तिशः जबाबदार धरणे हे तिचे काम होय. मराठी वाचकांपैकी अनेकांना हेग हे शहर कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणामुळे माहीत झाले; परंतु १७ जुलै २०१९ रोजी ज्या न्यायालयाने त्या प्रकरणाचा निकाल दिला आणि ज्याच्यापुढे हरीश साळवे यांनी एक रुपया शुल्क घेऊन भारताची बाजू मांडली, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय शांतता प्रासादात भरते आणि तेथे फक्त राष्ट्रांमधले वाद चालतात. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही त्याच शहरातली, पण सर्वस्वी वेगळी संस्था असून तिची इमारत शहराच्या कडेला, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांना लागून उभी आहे. १७ जुलै १९९८ रोजी रोम येथे संमत झालेल्या आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या रोम संविधीने तिला जन्म दिला. या न्यायालयात, तसेच त्याच्याच जातकुळीच्या इतर न्यायाधिकरणांत, कायद्याचे विद्यार्थी आणि नवे पदवीधर काही महिने राहून काम शिकतात. त्यालाच इंटर्नशिप म्हणतात, आणि मराठीत त्यासाठी उमेदवारी हा जुना, नेमका शब्द आहे.

वकिलीच्या व्यवसायात उमेदवारी नवी नाही. तालुक्याच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत बहुतेक प्रत्येक वकील कुणा ना कुणा सीनियरच्या हाताखाली कागदपत्रे लावून, पुढच्या तारखा घेऊन, जुने निवाडे शोधून शिकलेला असतो आणि त्या शिक्षणात माणसे ओळखण्याचा भाग कायद्याइतकाच मोठा असतो. हेगमधील उमेदवारीत पक्षकार समोर येऊन बसत नाही, खटला ज्या गावातल्या घटनांबद्दल चाललेला असतो ते गाव हजारो किलोमीटर दूर असते, आणि एकेक खटला दहा-दहा वर्षे चालत असल्यामुळे तीन ते सहा महिन्यांसाठी आलेला उमेदवार बहुधा त्याचा आरंभही पाहत नाही आणि शेवटही पाहत नाही. त्याच्या वाट्याला मधला तुकडा येतो, आणि त्या तुकड्यात त्याला जे शिकायचे असते ते मुख्यतः वाचणे होय. पुरावा म्हणून पुढे आलेला कागद शंकेने, पण त्यामागच्या माणसाबद्दलचा आदर न सोडता वाचणे, ही या उमेदवारीतली खरी विद्या आहे.

न्यायालयाची रचना समजल्याखेरीज उमेदवाराची जागा कळत नाही. अठरा न्यायाधीश पूर्वसुनावणी, सुनावणी आणि अपील अशा तीन विभागांत बसतात. तपास करून आरोप ठेवण्याचे काम अभियोक्ता कार्यालयाकडे असते. साक्षीदारांचे संरक्षण, दुभाषे, दप्तर आणि कोठडीची व्यवस्था रजिस्ट्री, म्हणजे प्रबंधकांचे कार्यालय, पाहते. पीडितांच्या आणि बचाव पक्षाच्या मदतीसाठी दोन स्वतंत्र कार्यालये आहेत आणि आरोपींचे वकीलही आपापल्या चमूत मदतनीस घेतात. उमेदवार यांपैकी कोणत्या दालनात बसतो यावर त्याची दृष्टी घडते, कारण न्यायाधीशांच्या बाजूला असलेल्याला एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे म्हणणे तोलावे लागते, तर बचावाच्या बाजूला असलेल्याला तोच कागद कुठे फाटतो ते शोधायचे असते. भारतात बचावाच्या कामाकडे अजूनही किंचित संशयाने पाहिले जाते. हेगमध्ये मात्र त्या बाजूची उमेदवारी अभियोगाच्या बाजूइतकीच प्रतिष्ठेची मानली जाते, आणि आरोपी ज्या अपराधासाठी उभा आहे तो जितका भीषण, तितकी त्याच्या बचावाची तयारी कसून व्हायला हवी, हे तेथे पहिल्या आठवड्यातच उमगते.

प्रत्यक्ष काम कसे असते हे एका क्रमांकावरून पाहता येते. आयसीसी-०१/०४-०१/०६-२८४२ हा त्या न्यायालयाच्या पहिल्या निकालपत्राचा दप्तर क्रमांक आहे. त्यातला पहिला जोडअंक सांगतो की हा विषय, म्हणजे कांगो लोकशाही प्रजासत्ताकातील परिस्थिती, २००४ साली नोंदलेला पहिला होता. दुसरा जोडअंक सांगतो की त्या विषयातला हा खटला २००६ साली नोंदलेला पहिला. आणि शेवटचा आकडा त्या खटल्यात तोवर दाखल झालेल्या कागदांचा अनुक्रम दाखवतो. अशा क्रमांकापुढे कधी गोपनीय असल्याची खूण येते, कधी मजकूर झाकून जाहीर केलेल्या प्रतीची, कधी भाषांतराची. साक्षीदारालाही नावाऐवजी अक्षर आणि आकडा मिळतो. अभियोग पक्षाच्या साक्षीदारापुढे ‘पी’ आणि बचावाच्या साक्षीदारापुढे ‘डी’. पुराव्यातल्या प्रत्येक पानावर स्वतंत्र नोंदणी क्रमांक असतो. उमेदवाराच्या पहिल्या काही दिवसांत हे क्रमांक त्याला कोड्यासारखे वाटतात, आणि महिन्याभरात तो एखाद्या तळटीपेतला चुकलेला आकडा नजरेने पकडू लागतो.

त्यानंतरचे काम जुळणीचे असते. रोम संविधीच्या सदस्य देशांनी स्वीकारलेल्या ‘गुन्ह्यांचे घटक’ या दस्तऐवजात प्रत्येक अपराध त्याच्या अंगांसह मांडलेला आहे. उदाहरणार्थ, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात नुसती हत्या सिद्ध करून भागत नाही. ती नागरी लोकसंख्येविरुद्धच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग होती आणि आरोपीला त्याची जाण होती, हेही दाखवावे लागते. उमेदवार एका बाजूला हे घटक आणि दुसऱ्या बाजूला साक्षी, छायाचित्रे, दूरध्वनीच्या नोंदी व अहवाल मांडून कोणत्या घटकाला कोणता पुरावा लागू पडतो आणि कोणता घटक उघडा राहतो याचा तक्ता तयार करतो. एखाद्या कायदेशीर मुद्द्यावर टिपण लिहिताना त्याला आधीच्या न्यायाधिकरणांचे निवाडेही धुंडाळावे लागतात. माजी युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाने १६१ जणांवर आणि रवांडासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्याने ९३ जणांवर आरोप ठेवले होते, त्यामुळे त्यांच्या निवाड्यांचा साठा प्रचंड आहे. दाखल करायच्या कागदांनाही शिस्त आहे: एका पानावर सरासरी ३०० शब्दांहून अधिक मजकूर चालत नाही, आणि दिवसाची मुदत हेगच्या घड्याळाप्रमाणे दुपारी चार वाजता संपते. साडेतीनच्या सुमारास एखादी तळटीप जुळत नसेल, तर ती ज्याने तपासली तो उमेदवार सर्वांना हवा असतो.

या जुळणीच्या कामाला एक थोर परंपरा आहे. हार्वर्ड विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या बेंजामिन फेरेन्झ या तरुणाला शेल्डन ग्लुक या प्राध्यापकांनी तेथील ग्रंथालयात युद्धगुन्ह्यांवर जेवढी पुस्तके होती त्यांचा सारांश काढण्याचे काम दिले होते. पुढे न्यूरेंबर्ग येथे याच तरुणाने, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पूर्व युरोपात ज्यू व इतर नागरिकांची सामूहिक कत्तल करणाऱ्या नाझी पथकांच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यात मुख्य अभियोक्ता म्हणून काम केले. त्या खटल्याचा पाया पथकांनी स्वतःच बर्लिनला पाठवलेले अहवाल हा होता. गावोगावच्या मृतांचे आकडे त्यांत हिशेबाच्या वहीसारखे लिहिलेले होते, आणि ते बेरजेच्या यंत्रावर एकत्र करताना संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. निकालापर्यंत पोहोचलेले बावीसही आरोपी दोषी ठरले. ग्रंथालयात पुस्तकांची टिपणे काढणे आणि त्या अहवालांतली बेरीज करणे ही कामे वेगळी वाटली, तरी दोन्हींत लागणारा गुण एकच होता, आणि तो कुठल्याही व्याख्यानातून मिळत नाही.

फेरेन्झ यांचे नाव हेगच्या पहिल्या खटल्याशीही जोडलेले आहे. कांगोच्या इतुरी प्रांतातील सशस्त्र गटाचा नेता थॉमस लुबांगा याच्यावर पंधरा वर्षांखालील मुलांना भरती करून लढाईत वापरल्याचा आरोप होता. ऑगस्ट २०११ मध्ये अभियोग पक्षाच्या समारोपात भाषण करताना फेरेन्झ ९१ वर्षांचे होते. १४ मार्च २०१२ रोजी लुबांगा दोषी ठरला आणि त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली. मात्र या खटल्याचा इतिहास उमेदवारांना शिकवावा असा आहे तो त्यातल्या ठेचांमुळे. जून २००८ मध्ये, सुनावणी सुरू होण्यापूर्वीच, न्यायाधीशांनी कामकाज थांबवले, कारण गोपनीयतेच्या अटीवर मिळवलेले दोनशेहून अधिक कागद अभियोग पक्ष बचावाला दाखवू शकत नव्हता. जानेवारी २००९ मध्ये पहिला साक्षीदार पिंजऱ्यात आला आणि त्याने आपलीच जबानी नाकारली. पुढच्या वर्षी, अभियोग पक्षाला साक्षीदारांपर्यंत पोहोचवणाऱ्या एका मध्यस्थाची ओळख बचावाला सांगण्याचा आदेश पाळला न गेल्यामुळे कामकाज पुन्हा थांबले. अखेर, बालसैनिक होतो असे सांगणाऱ्या बहुतेक साक्षीदारांच्या जबान्यांवर विसंबणे न्यायाधीशांना सुरक्षित वाटले नाही आणि मुलांच्या वयाचा प्रश्न त्यांनी बऱ्याच अंशी चित्रफितींच्या आधारे सोडवला. त्यांत दिसणारी काही मुले पंधरापेक्षा लहान आहेत हे पाहताक्षणीच स्पष्ट होते.

वय सिद्ध करणे ही बाब दुरून किरकोळ वाटते. पण महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत, शाळेत नाव घालताना मास्तरांनी जन्मतारखेच्या रकान्यात १ जून लिहून टाकलेल्या पिढ्या अजून हयात आहेत, आणि त्या तारखेवर एखाद्या माणसाचे चौदा वर्षांचे आयुष्य अवलंबून असते तर वकिलाने तिच्याकडे कसे पाहिले असते, याचा विचार केला की इतुरीतल्या शाळांच्या दाखल्यांवर झालेला वाद चटकन समजतो. अशा दाखल्याला खोटे म्हणणे अन्यायाचे ठरते आणि डोळे झाकून खरे मानणेही तितकेच अन्यायाचे ठरते. तो कुणी, केव्हा, कशासाठी लिहिला हे विचारत राहणे एवढाच मार्ग उरतो, आणि ज्याने अशी दप्तरे जवळून पाहिली आहेत त्याला हे प्रश्न आधी सुचतात.

भाषेच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. न्यायालयाचे कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषांत चालते, पण साक्षीदार आचोली, स्वाहिली, लिंगाला किंवा अरबीत बोलतो, दुभाषा ते उलगडतो आणि उमेदवाराच्या हाती पडते ते लेखी इंग्रजी. महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयात मराठीत झालेली साक्ष अपिलात इंग्रजीतून वाचली जाते तेव्हा काय होते हे येथील वकिलांना पक्के ठाऊक आहे. ‘मारलं’ या एकाच क्रियापदात चापट देण्यापासून जीव घेण्यापर्यंत सारे मावते आणि भाषांतरकाराला त्यातले एक निवडावे लागते. हेगमधल्या इंग्रजी पानावर एखादे क्रियापद संशयास्पद नेमके वाटले, तर मूळ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकवून घ्यावे असे सुचवणारा उमेदवार बहुधा अशाच दुभाषिक न्यायव्यवहारातून आलेला असतो. ज्या समाजांतल्या अत्याचारांचा निवाडा व्हायचा आहे त्यांच्याशी मिळतेजुळते जीवन जगलेल्या देशांतली मुले त्या टेबलांवर पुरेशा संख्येने बसली पाहिजेत, याचे खरे कारण हेच आहे. याच वाचनाचा मनावर साचत जाणारा भार हा स्वतंत्र विषय आहे. बलात्कार आणि शिरच्छेदाची वर्णने दिवसाचे आठ तास वाचणाऱ्या तरुणाला सहकाऱ्यांशी आणि समुपदेशकांशी बोलावे लागते, आणि ते दुबळेपणाचे लक्षण मानू नये हे आता सर्वत्र मान्य होत आहे.

पण त्या टेबलांपर्यंतची वाट पैशांतून जाते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातील बहुसंख्य उमेदवाऱ्या बिनपगारी आहेत. प्रवास, घरभाडे आणि आरोग्यविमा उमेदवाराने स्वतः सोसायचा असतो, आणि हेग हे स्वस्त शहर नाही. विकसनशील प्रदेशांतल्या उमेदवारांसाठी देणग्यांवर चालणारा एक निधी न्यायालयाकडे आहे, पण तो रोम संविधीच्या सदस्य देशांच्या नागरिकांपुरता आहे. रोममध्ये १२० देशांनी बाजूने आणि सात देशांनी विरोधात मत दिले, २१ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता; सुरक्षा परिषदेला न्यायालयाकडे प्रकरणे सोपवण्याचा व थोपवण्याचा दिलेला अधिकार आणि अण्वस्त्रांच्या वापराचा अपराधांच्या यादीत न झालेला समावेश हे त्याच्या आक्षेपांतले ठळक मुद्दे होते. त्या भूमिकेत तथ्य आहे. तिचा एक दूरचा परिणाम मात्र असा की ढाक्यातल्या विद्यार्थिनीला जो निधी मागता येतो, कारण बांगलादेश २०१० पासून सदस्य आहे, तो कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या विद्यार्थिनीला मागता येत नाही.

बिनपगारी उमेदवारीवरचा रोष नवा नाही. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हा कार्यालयात काम करणारा न्यूझीलंडचा एक तरुण तंबूत राहत असल्याचे उघड झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. उपाय सापडत नाही असेही नाही: हेगच्याच आंतरराष्ट्रीय न्यायालयात विद्यापीठांनी खर्च उचलून पाठवायच्या उमेदवारांची योजना आहे, आणि गरीब देशांतल्या विद्यापीठांना ते परवडत नाही हे ध्यानात घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्यास मान्यता दिली. ज्या संस्थेचा पाया प्रत्येक माणसाच्या समान मोलावर उभा आहे तिच्या दारात आईवडिलांची ऐपत मोजली जाणे हे केवळ गैरसोयीचे नाही, ते तिच्या कामालाच उणेपणा आणणारे आहे, आणि हे तिच्या हितचिंतकांनीच स्पष्टपणे बोलायला हवे.

या दाराची किंमत इतरांनीही ओळखली आहे. जून २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या गुप्तवार्ता विभागाने जाहीर केले की, ब्राझीलचा नागरिक म्हणून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उमेदवारीसाठी येणारा एक तरुण प्रत्यक्षात रशियाच्या लष्करी गुप्तचर संघटनेचा हस्तक सर्गेई चेर्कासोव होता आणि त्याला एप्रिलमध्येच विमानतळावरून परत पाठवण्यात आले. युक्रेनमधील परिस्थितीचा तपास न्यायालयाने त्याआधी जेमतेम महिन्याभरापूर्वी सुरू केला होता. पुढे बनावट ओळख वापरल्याबद्दल ब्राझीलमध्ये त्याला शिक्षा झाली. जे टेबल सर्वांत खालचे समजले जाते तेथून साक्षीदारांच्या खऱ्या नावांपर्यंत किती कमी अंतर असते, हे या घटनेने दाखवून दिले.

भारतीय विद्यार्थ्याला आणखी एक अडचण घरचीच आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे उमेदवारी करावी लागते, परंतु एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. नियमामागचा हेतू वर्गातले शिक्षण बुडू नये हा आहे आणि तो योग्यही आहे. पण हेगमधला किमान काळ तीन महिन्यांचा असल्यामुळे पुण्याचे आयएलएस, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठे यांतल्या विद्यार्थ्याला बहुधा पदवीनंतरच, किंवा परदेशी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, ही संधी साधता येते. हेगपासून आगगाडीने जवळ असलेल्या लायडनसारख्या विद्यापीठात शिकणाऱ्याला ती सोपी जाते, आणि तेथे पुन्हा ऐपतीचा प्रश्न उभा राहतो. अर्जासोबत शिफारसपत्रे आणि स्वतः लिहिलेल्या कायदेविषयक लेखनाचा नमुना मागितला जातो; त्या नमुन्यातली मांडणी आणि तळटीपांची काटेकोरी वाचणाऱ्याला लगेच दिसते. फ्रेंच येत असेल तर उमेदवाराचे मोल वाढते, कारण कांगो, माली आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथील कागदपत्रांचा मोठा भाग त्या भाषेत आहे. ज्याला इतक्या लांब जाणे शक्य नाही त्याने सत्र न्यायालयात एखाद्या सामूहिक हिंसेच्या खटल्यात वकिलाच्या मागे बसून उलटतपासणी ऐकली, तरी त्या विद्येचा मोठा भाग हाती लागतो, आणि हेगमधल्या निवड करणाऱ्यांनाही अशा अनुभवाची किंमत कळते.

मुदत संपते तेव्हा उमेदवार ओळखपत्र परत करतो, संगणकावरचे त्याचे खाते बंद होते, आणि गोपनीयतेची लेखी हमी मात्र तशीच राहते. आपल्या कामाच्या माहितीत तो खटल्याचे जाहीर नाव लिहू शकतो, त्यापुढे काही नाही. पुढे कधीतरी निकालपत्राची जाहीर प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते. ती शेकडो पानांची असते, डॉमिनिक ओंग्वेनच्या खटल्यातील निकालपत्र तर हजाराहून अधिक पानांचे होते. नागपुरात किंवा पणजीत आपल्या खोलीत ती वाचताना एखाद्या परिच्छेदात साक्षीदाराचा आकडा येतो, त्याच्या गावाच्या नावावर काळी पट्टी असते, खालच्या तळटीपेत तोच नोंदणी क्रमांक असतो जो कधीकाळी तीनदा तपासून पाहिलेला असतो, आणि पट्टीखालचे नाव ठाऊक असलेली ती व्यक्ती पान उलटून पुढे वाचू लागते.